मदत हवी आहे: आईची कॉन्ट्रास्ट तपासणी (फिकट-गडद फरक किती ओळखता येतो ते बघण्याची) कुठे होईल?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे. आईला काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत. नजरेच्या नेहमीच्या तक्त्यावर ६/९ पर्यंत (जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत) वाचते, म्हणून डॉक्टर म्हणतात नजर ठीक. पण पांढऱ्या कपात दूध किती ओतलं ते तिला दिसत नाही, आणि संध्याकाळी शहाबादी फरशीची पायरी हमखास चुकते.

कॉन्ट्रास्ट तपासायचा पेली-रॉबसन तक्ता (१९८८ चा) एक मीटरवरून वाचायचा असतो. अक्षरं एकाच मापाची, तीन-तीन करत फिकट होत जाणारी. तो बेळगाव-निपाणीकडे कुठे आहे का? अक्षरं इंग्रजी, आणि आई मराठी चौथी शिकलेली. कन्नड पाट्याही अंदाजानेच वाचते! आकड्यांचा किंवा चित्रांचा तक्ता असेल तर उत्तमच. मिरज-कोल्हापूरलाही नेईन, पण बसचा प्रवास तिला सोसत नाही.