शब्दचर्चा : फॅमिलिअर, कम्पॅनियन आणि पेट यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

आम्ही पाच जण गेली काही वर्षे दर शनिवारी पुण्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा, प्रत्येकाने एकेक पात्र वठवत आणि फासे टाकत कथा पुढे नेण्याचा खेळ खेळतो आणि मागच्या दिवाळीपासून हा खेळ संपूर्ण मराठीत चालवायचा, असे आम्ही ठरवले. कथा सांगण्याचे आणि नियम लावण्याचे काम माझ्याकडे आहे. तलवार, चिलखत, भुयार, राक्षस, मंत्र, शाप यांसाठी शब्द शोधावे लागले नाहीत, कारण ते सगळे लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत आधीपासून होते. अडचण आली ती प्राण्यांपाशी. एका खेळाडूच्या मांत्रिकाजवळ घुबड आहे, दुसरीच्या रानावनात फिरणाऱ्या तिरंदाजाजवळ लांडगा आहे, तिसऱ्याने कथेतल्या बाजारातून कुत्रा विकत घेतला आहे आणि चौथीच्या धर्मयोद्ध्याजवळ मंत्राने बोलावलेला घोडा आहे. मी या चौघांनाही सरसकट ‘पाळीव प्राणी’ म्हणत होतो. गेल्या महिन्यात शत्रूने पशूंना वश करणारा मंत्र टाकला, तेव्हा मी सांगून टाकले की तुमचे सगळे पाळीव प्राणी जागच्या जागी थबकले आहेत. मांत्रिकाच्या खेळाडूने लगेच हरकत घेतली. पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे त्याचे घुबड हा पशू नसून घुबडाचे रूप घेतलेला आत्मा आहे, आणि धर्मयोद्ध्याच्या घोड्याचेही तसेच आहे. म्हणजे तो मंत्र फक्त लांडग्यावर आणि कुत्र्यावर चालायला हवा होता. त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. मी वापरलेल्या शब्दाने तो भेद पुसून टाकला होता.

इंग्रजीत मांत्रिकाच्या घुबडाला ‘फॅमिलिअर’, तिरंदाजाच्या लांडग्याला ‘कम्पॅनियन’ आणि विकत घेतलेल्या कुत्र्याला नुसते ‘पेट’ म्हणता येते. तेव्हा या तीन-चार नात्यांसाठी मराठीत वेगवेगळे शब्द हवे आहेत. शक्य असेल तर ते बोलण्यातले असावेत, कारण ऐन लढाईत खेळाडूला ते तोंडातून सहज काढता आले पाहिजेत.

प्रतिसाद १

आधी इंग्रजी शब्द काय सांगतात ते पाहू, कारण तिन्ही शब्दांचा इतिहास वेगळा आहे आणि खेळाचे नियम त्या इतिहासाला बरेच धरून आहेत.

‘फॅमिलिअर’चे मूळ लॅटिन ‘फामुलुस’, म्हणजे घरचा नोकर, या शब्दाशी पोहोचते. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये बायकांवर चेटकाचे खटले चालले, त्यांत मांजर, बेडूक, उंदीर अशा रूपांत राहणाऱ्या आणि सांगितलेले काम करणाऱ्या दुष्ट आत्म्याला हा शब्द लावला जाई. १५६६ सालच्या चेम्सफर्डच्या खटल्यात असेच एक मांजर आहे आणि त्याचे नाव ‘सेथन’, म्हणजे सैतान, असे नोंदलेले आहे. १६०४च्या इंग्रजी कायद्याने तर अशा आत्म्याशी करार करणे, त्याला कामाला लावणे आणि त्याला खाऊ घालणे हा देहदंडाचा गुन्हा ठरवला. खाऊ घालण्याची ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी, कारण आपण ‘पाळणे’ आणि ‘पोसणे’ यांत फरक करतो. गाय पाळतात, कुत्रा पाळतात. पण गुंड, साप आणि भूत पोसतात. ज्याच्याकडून पुढे अघोरी काम करून घ्यायचे आहे, त्याच्याबद्दल बोलताना जीभ आपोआप ‘पोसणे’कडे वळते.

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी बाजारात आणला, आणि १९७८च्या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकात मांत्रिकाला फॅमिलिअर मिळवून देणारा मंत्र आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि काळे मांजर, कावळा, ससाणा, घुबड, बेडूक किंवा वीझल (एक सडपातळ, लहानसा शिकारी प्राणी) यांपैकी जे येईल ते स्वीकारायचे; कधी काहीच येत नसे. तो प्राणी मेला, तर त्याच्या प्राणगुणांच्या (किती घाव सोसता येतात ते मोजणाऱ्या गुणांच्या) दुप्पट गुण मांत्रिक कायमचे गमावत असे. तिसऱ्या आवृत्तीत मांत्रिकाला अनुभवाच्या गुणांचा फटका बसे आणि नवा फॅमिलिअर मिळवण्यासाठी एक वर्ष आणि एक दिवस थांबावे लागे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत हे सगळे सौम्य झाले. दहा सुवर्णनाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी शेगडीत जाळायच्या. एका तासात आत्मा येतो, तो मेला तर नाहीसा होतो आणि पुन्हा तेवढाच खर्च केला की परत येतो. तो स्वतः हल्ला करू शकत नाही. मात्र त्याच्या डोळ्यांनी मांत्रिक पाहू शकतो आणि स्पर्शाने लागू होणारा मंत्र त्याच्या हातून पोहोचवू शकतो.

‘कम्पॅनियन’ची गोष्ट वेगळी आहे. तो लॅटिनमधल्या ‘सह’ आणि ‘भाकरी’ या दोन शब्दांपासून आलेला, म्हणजे मुळात एका भाकरीचा वाटेकरी आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३च्या सुधारित नियमांत निसर्गपूजक ड्रुइडाला पहिल्या पातळीपासून आणि रानात फिरणाऱ्या रेंजरला चौथ्या पातळीपासून असा प्राणी मिळे. तो पशूच राहतो, त्याला बोलता येत नाही आणि त्याला एकेक गोष्ट शिकवावी लागते. साधारण बुद्धीचा पशू ‘ये’, ‘थांब’, ‘राखण कर’, ‘माग काढ’, ‘तुटून पड’ अशा सहा गोष्टी शिकतो, त्याहून मंद असलेला तीनच. कुत्र्याला ‘छू’ म्हटल्यावर काय होते हे ज्याने गावात पाहिले आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. २०१४च्या नियमांत रेंजरच्या पशूला हल्ल्याची आज्ञा द्यायची, तर रेंजरला स्वतःची कृती, म्हणजे त्या खेपेची आपली चाल, खर्च करावी लागे. त्यावर खेळाडू नाराज होते, आणि २०२०च्या पुरवणी पुस्तकात जमीन, पाणी आणि आकाश यांतल्या सोबत्यांचा नवा पर्याय आला, त्यात आज्ञा पुष्कळ स्वस्त झाली.

‘पेट’ हा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडचा शब्द. हाताने दूध पाजून वाढवलेले कोकरू आणि लाडावलेले मूल हे त्याचे जुने अर्थ आहेत. नियमपुस्तकात या नात्याला जवळजवळ जागाच नाही. तिथे मोठा कुत्रा पंचवीस सुवर्णनाण्यांना मिळतो, तो घोडे आणि खोगिरे यांच्या किमतींच्या यादीत.

आता मराठी शब्द. कम्पॅनियनसाठी मी नि:शंकपणे ‘सांगाती’ सुचवतो. ‘सवंगडी’ गोड आहे, पण त्यात खेळकरपणा आणि समवयस्कपणा येतो. ‘साथीदार’ आज पोलिसांच्या बातम्यांत अडकला आहे. ‘सोबती’ चांगला आहे, मात्र जरा फिका. ‘सांगाती’मध्ये बरोबर चालणे आहे. संतांनी हा शब्द थेट विठ्ठलासाठी वापरला, त्यामुळे त्यात मालकी अजिबात नाही आणि भरवसा पुरेपूर आहे. मूळ शब्दातली भाकरी यात येत नाही, वाट येते. ज्या खेळात पात्रे सतत चालत असतात, तिथे हे अधिक शोभते.

फॅमिलिअरसाठी मला ‘चेटक’ सुचवायचा आहे. संस्कृतात चेट आणि चेटक म्हणजे सेवक. संस्कृत नाटकांतली चेटी ही दासी असते. आपल्या ‘चेटूक’ या शब्दाचे मूळ याच सेवकाशी जोडले जाते. नोकर या अर्थाचा शब्द लॅटिनकडून निघून इंग्रजीत मांत्रिकाच्या मांजरापर्यंत आला आणि संस्कृतकडून निघून मराठीत जादूटोण्यापर्यंत आला. दोन्ही समाजांनी जादूकडे पाहताना तिथे कोणीतरी न दिसणारा नोकर राबतो आहे अशी कल्पना केली. इतका नेमका जोडीदार आपल्याच भाषेत असताना नवा शब्द घडवण्याची गरज मला दिसत नाही.

प्रतिसाद २

मी गोव्याचा आहे. आमच्याकडे आणि शेजारच्या सिंधुदुर्गात ‘राखणदार’ आहे. तो अदृश्य असतो, रात्री गावात फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो आणि कधी सापाच्या रूपात दिसतो असे जुनी माणसे सांगतात. फॅमिलिअरला हा शब्द द्यावा असे प्रथम मला वाटले होते. परंतु वरचे वाचल्यावर माझ्या लक्षात आले की राखणदार जागेचा असतो, माणसाचा नसतो. तो हुकूम ऐकत नाही. आपणच त्याला वर्षाचा मान देतो. आपल्या कथेत एखादे राई-डोंगराचे रक्षण करणारे रूप आले, तर त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

प्रतिसाद ३

‘चेटक’ची व्युत्पत्ती पटली, तरी शब्द पटला नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर तो ‘चेटूक’ असाच पडणार, आणि ‘चेटकीण’ त्याच्या मागोमाग येणार. चेटकीण किंवा डाकीण ठरवून बायकांना मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार आपल्या राज्यात घडत आले आहेत. सातपुड्यातल्या डाकीण प्रथेविरुद्ध कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे काम करावे लागले, आणि जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. इंग्रजी शब्दाच्या मागेही तसेच खटले होते हे खरे, पण त्या गोष्टीला तीन-चार शतके लोटली आहेत आणि आज ‘फॅमिलिअर’ म्हटल्यावर कोणाच्या जिवाला धोका होत नाही. आपल्याकडचा शब्द अजून थंड झालेला नाही. मी ‘अनुचर’ सुचवते. तो मागे चालणारा आहे, आज्ञेतला आहे, शिवाच्या गणांनाही लागतो आणि कोणावर आळ घेत नाही. तो थोडा ग्रांथिक आहे हे मान्य आहे, पण मांत्रिकाच्या तोंडी ग्रांथिक शब्द खपून जातो.

प्रतिसाद ४

नात्याच्या शब्दांइतकेच प्राण्यांच्या नावांकडेही लक्ष द्यावे. वीझलला काही जण ‘मुंगूस’ म्हणतात, ते चूक आहे. मुंगसाचे कुळ वेगळे, आणि वीझलचे आपल्याकडचे खरे नातेवाईक म्हणजे पाणमांजर. रेव्हन या मोठ्या काळ्या कावळ्याला ‘डोमकावळा’ म्हणण्याची रीत रूढ आहे. काटेकोरपणे तो वेगळा पक्षी असला, तरी खेळापुरते ते चालावे. घुबडाचा प्रश्न मात्र मोठा आहे. पाचव्या आवृत्तीत घुबड फार लोकप्रिय आहे, कारण ते शत्रूच्या जवळून उडून गेले तरी शत्रूला त्याच्यावर वार करण्याची आयती संधी मिळत नाही. आपल्याकडे घुबड अशुभ मानलेले आहे, आणि कथेतल्या गावकऱ्यांनी त्याला पाहून दार लावून घेतले तर ते आपल्या श्रोत्यांना अगदी खरे वाटेल. त्याऐवजी छोटा ‘पिंगळा’ घ्यावा असे मी सुचवीन. भल्या पहाटे कंदील आणि कुडमुडे घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी त्या पक्ष्याची भाषा जाणतो आणि त्यावरून भविष्य सांगतो, अशी समजूत आहे. पाखराच्या बोलीतून ज्ञान मिळवणारा माणूस आपल्या लोकपरंपरेत आधीपासून आहे, आणि पक्षी व माणूस या दोघांना एकच नाव आहे. मांत्रिक आणि त्याचा अनुचर यांचे नाते याहून जवळून दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट लिंगाची. इंग्रजीत प्राण्याला ‘इट’ म्हणावे की ‘ही’, हे बोलणारा ठरवतो; मराठीत ते शब्दच ठरवतो. घुबड उडाले, घार उडाली, ससाणा उडाला. परंतु घुबडाला नाव दिले की क्रियापद बदलते. ‘घुबड परत आले’ असे म्हणणारा खेळाडू नाव ठेवल्यावर ‘काळू परत आला’ असे म्हणू लागतो, आणि त्या क्षणी तो प्राणी सामानातून माणसांत येतो. आपल्या टेबलावर हे कधी घडते ते टिपून ठेवावे. मला त्याचे फार कुतूहल आहे.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. दोन शनिवार हे शब्द वापरून पाहिले, त्याची हकिकत सांगतो. ‘सांगाती’ पहिल्याच संध्याकाळी बसला. ज्या खेळाडूचा लांडगा आहे ती आता ‘माझा लांडगा हल्ला करतो’ असे म्हणत नाही. ‘मी सांगात्याला छू म्हणते’ असे म्हणते, आणि नियमातला आज्ञा देण्याचा भाग त्या वाक्यात आपोआप येतो. ‘चेटक’ मला स्वतःला फार आवडला होता. पण तिसऱ्या प्रतिसादातले म्हणणे मी टेबलावर वाचून दाखवले, तेव्हा आमच्यातली एक मैत्रीण नंदुरबारची निघाली आणि तिने हा शब्द नको असे स्पष्ट सांगितले. आम्ही ‘अनुचर’ घेतला आहे. धर्मयोद्ध्याच्या घोड्यासाठी ‘वाहन’ हा शब्द मी सुचवला होता. गणपतीचा उंदीर आणि कार्तिकेयाचा मोर डोळ्यांसमोर होते. मात्र ‘माझे वाहन दाराशी उभे आहे’ या वाक्याने प्रत्येकाला दुचाकीच आठवली, म्हणून नियमांच्या वहीत तो ‘अनुचर’ आणि बोलताना नुसता ‘घोडा’ आहे. मांत्रिकाने घुबड बदलून पिंगळा घेतला. नियमांतले आकडे घुबडाचेच ठेवले आहेत. त्याला अजून नाव दिलेले नाही, त्यामुळे पिंगळा आला आणि पिंगळा गेला एवढेच ऐकू येते.

राहिला पंचवीस नाण्यांचा कुत्रा. तो अनुचर नाही, कारण त्याच्यात मंत्राचा अंश नाही. आणि नियमांप्रमाणे सांगातीही नाही, कारण त्याच्या मालकाचे पात्र साधा चोर आहे आणि चोराला असा सोबती मिळण्याची तरतूद नाही. तरीही गेल्या शनिवारी भुयारात दोर तुटला, तेव्हा त्या खेळाडूने खजिन्याची पेटी सोडून कुत्र्याला धरले. ‘माणसाळणे’ हा शब्द प्राण्याच्या बाजूने सगळे सांगतो, माणसाच्या बाजूने काही सांगत नाही. ‘लळा’ मात्र दोन्हीकडून लागतो. तूर्त वहीत कुत्र्याच्या नावासमोर मी ‘पाळीव, लळा लागलेला’ असे लिहून ठेवले आहे.