'द एक्सपान्स' : मालिका बघून झाली, आता पुस्तकं आणि कॉमिक्स कुठल्या क्रमाने वाचू?

मुक्ता_नाशिक

नमस्कार मंडळी. 'द एक्सपान्स' या विज्ञानकथा मालिकेचे सहाही सीझन, म्हणजे सगळे ६२ भाग बघून झाले आणि तरी मन भरलं नाही. सहाव्या सीझनच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लॅकोनिया या ग्रहावरची ती मुलगी आणि कुत्र्यांसारखे दिसणारे ते प्राणी दाखवले. पुढे त्यांचं काय झालं ते मालिकेत कळतच नाही. म्हणून आता पुस्तकं वाचायचं ठरवलंय.

शोधायला गेले तर नऊ कादंबऱ्या, आठ छोट्यामोठ्या कथा, वर कॉमिक्स. एक मित्र म्हणतो, गोष्टीतल्या काळाप्रमाणे जा, म्हणजे सगळ्यात आधी 'ड्राइव्ह' ही कथा. मैत्रीण म्हणते, पहिल्या सहा कादंबऱ्या तू पडद्यावर बघितल्याच आहेस, थेट सातवी उघड. माझा इंग्रजी वाचनाचा वेग बेताचा आहे, त्यामुळे निवड नीट करायची आहे. ज्यांनी सगळं वाचलंय त्यांनी कृपया सांगा. शेवट मात्र फोडू नका.

दर्यावर्दी

मुक्ताताई, मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे. ही सगळी पुस्तकं मी जहाजावरच, वॉच (कामाची पाळी) संपल्यावर केबिनमध्ये पडून वाचली आहेत आणि काही परत परत वाचली आहेत. माझं मत ठाम आहे: ज्या क्रमाने प्रकाशित झाली त्याच क्रमाने वाचा. एकच अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

आधी सातवीपासून सुरू करण्याबद्दल. नका करू. पहिला सीझन आणि दुसऱ्याचा अर्धा म्हणजे 'लेव्हायथन वेक्स' (२०११), दुसऱ्याचा उरलेला भाग आणि तिसऱ्याचा पूर्वार्ध म्हणजे 'कॅलिबन्स वॉर' (२०१२), तिसऱ्याचा उत्तरार्ध 'अबॅडन्स गेट' (२०१३), मग चौथ्या सीझनला 'सिबोला बर्न', पाचव्याला 'नेमेसिस गेम्स' आणि सहाव्याला 'बॅबिलॉन्स अ‍ॅशेस'. कागदावर हिशोब सरळ दिसतो, पण माणसं बदललेली आहेत. अ‍ॅलेक्सचं मालिकेत पाचव्या सीझनच्या शेवटी जे होतं, ते पुस्तकांत होतच नाही. सातवी कादंबरी 'पर्सेपोलिस रायझिंग' उघडाल तर तो पायलटच्या खुर्चीत बसलेला दिसेल आणि तुमचा गोंधळ उडेल. मालिकेतली ड्रमर ही कॅप्टन पुस्तकातल्या दोन-तीन वेगवेगळ्या माणसांना एकत्र करून घडवली आहे. पुस्तकात ती बराच काळ कोपऱ्यात असते आणि सातव्या भागात पुढे येते. शिवाय सहाव्या आणि सातव्या कादंबरीच्या मध्ये सुमारे तीस वर्षं जातात. रोसिनांते या जहाजावरच्या माणसांबरोबर आधीच्या सहा पुस्तकांत तुम्ही राहिला असाल, तरच त्यांचे पिकलेले केस आणि दुखणारे सांधे तुम्हाला जाणवतील.

आणि पहिलं पुस्तक चुकवू नये याचं माझं स्वतःचं कारण वेगळंच आहे. होल्डन या नायकाची गोष्ट सुरू होते ती कँटरबरी या बर्फवाहू जहाजावर. शनीच्या कड्यांमधला बर्फ उचलायचा आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सेरेसला नेऊन टाकायचा, एवढंच त्याचं काम. जुनं, खूप वापरलेलं जहाज, आणि कुठे ना कुठे काही बिनसलं म्हणून इथे येऊन पडलेली माणसं. पहिल्याच प्रकरणात एका खलाशाचा हात कामावर असताना तुटतो आणि तो नवा हात उगवून घ्यायचा की कृत्रिम बसवायचा, याची पैशाच्या अंगाने चर्चा चालते. मालवाहू जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला ते पान वाचताना कळतं की लेखकांनी कामकरी माणसाकडे नीट बघितलंय. (जेम्स एस. ए. कोरी हे डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांचं मिळून टोपणनाव आहे.) मालिकेत हे आहे, पण घाईत आहे. पुस्तकात तुम्ही कँटरबरीवर काही काळ राहता, म्हणून पुढे जे होतं ते लागतं.

आता कथांचं. 'ड्राइव्ह' आधी वाचायला सांगणाऱ्या तुमच्या मित्राचं कालगणनेचं गणित बरोबर आहे, पण वाचणाऱ्याच्या अंगाने तो सल्ला पटत नाही. ती सॉलोमन एपस्टाइनची गोष्ट आहे. मंगळावरचा हा माणूस आपल्या छोट्या यानाच्या इंजिनात फेरफार करून चाचणीला निघतो आणि इंजिन त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त ताकदीने चालतं. वेग इतका वाढत जातो की तो खुर्चीत चिरडल्यासारखा दाबला जातो. इंजिन बंद करायचं तर हात उचलायला हवा, आणि हात उचलत नाही. कथा जवळपास तेवढ्याच जागेत घडते: खुर्ची, छातीवरचा भार, आणि मध्ये मध्ये बायकोशी ओळख कशी झाली, संसार कसा उभा राहिला, त्या आठवणी. ती पहिल्यांदा वाचलीत तर एका संशोधकाचा अपघात म्हणून वाचाल. दोन कादंबऱ्यांनंतर वाचलीत तर तुम्हाला ठाऊक असेल की याच इंजिनामुळे लाखो माणसं लघुग्रहांच्या पट्ट्यात जाऊन राहिली, त्यांची हाडं लांब आणि ठिसूळ झाली, त्यांची वेगळी बोली तयार झाली, आणि पुढचं सगळं भांडण उभं राहिलं. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही आणि तुम्हाला सगळं माहीत आहे. कथेची सगळी ताकद त्यातच आहे.

बाकीच्यांचंही असंच. आधी माणूस बाहेरून भेटतो, मग कथा त्याच्या आत नेते. पट्ट्यातला पुढारी फ्रेड जॉन्सन याला पहिल्या कादंबरीत बघा, मग 'द बुचर ऑफ अँडरसन स्टेशन' वाचा. मंगळाची सैनिक बॉबी दुसरीत भेटते, त्यानंतर 'गॉड्स ऑफ रिस्क' (मंगळावरचं तिचं घर आणि भाचा, चौथ्या सीझनमध्ये थोडं वापरलंय). 'द चर्न' ही रोसिनांतेवरचा मेकॅनिक एमस याची बाल्टिमोरमधली गोष्ट, ती पाचव्या कादंबरीच्या आधी झालीच पाहिजे. 'नेमेसिस गेम्स'मध्ये होल्डन, नाओमी, अ‍ॅलेक्स आणि एमस असे चौघंही एकाच पुस्तकात पहिल्यांदाच स्वतःच्या नजरेतून गोष्ट सांगतात आणि एमस बाल्टिमोरला परत जातो. 'द चर्न' वाचलेली असेल तर त्या प्रकरणांतलं प्रत्येक नाव ओळखीचं वाटेल. 'द व्हायटल अबिस' पाचव्यानंतर. ती एक शास्त्रज्ञ स्वतः सांगतो आणि मला त्याची भीती वाटते, कारण त्याचं बोलणं इतकं शांत आणि तर्कशुद्ध आहे.

मग तुमचा प्रश्न असलेली मुलगी. तिचं नाव कारा आणि कथेचं नाव 'स्ट्रेंज डॉग्स' (२०१७). सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये, तिथेच. कथेत ती तळ्याकाठी एका पक्षिणीला पाव खाऊ घालते. तो पृथ्वीवरचा पाव त्या जिवाला चालणार नाही, हे त्या पोरीला कळत नाही. तिथून जे सुरू होतं ते थेट नवव्या कादंबरीपर्यंत जातं. यापुढे काही सांगत नाही.

अपवाद म्हणालो तो 'ऑबेरॉन'. ती आठव्या कादंबरीनंतर, २०१९ च्या अखेरीस आली, पण मी सातव्यानंतर वाचायला सांगेन. नव्या राजवटीचा एक गव्हर्नर नव्या ग्रहावर येतो, आपली शिस्त सगळीकडे चालेल अशा खात्रीने. ती खात्री अजून ताजी असतानाच्या काळात ही कथा घडते, म्हणून 'टियामॅट्स रॅथ'च्या आधी ती जास्त भिडते. शेवटी 'लेव्हायथन फॉल्स' (२०२१) आणि सगळ्यात शेवटी 'द सिन्स ऑफ अवर फादर्स'.

कॉमिक्स सगळी मालिकेच्या जगातली आहेत, पुस्तकांच्या नाही. त्यामुळे तुम्ही ती आजही वाचू शकता. 'ओरिजिन्स' म्हणजे रोसिनांतेच्या माणसांच्या आधीच्या छोट्या गोष्टी. २०२० ला आलेलं चार अंकांचं कॉमिक अवासरला (पृथ्वीवरची राजकारणी) आणि बॉबीचं, चौथ्या आणि पाचव्या सीझनच्या मधलं. 'ड्रॅगन टूथ' हे बारा अंकांचं, अँडी डिगल यांनी लिहिलेलं, सहाव्या सीझननंतरचं. ते तेवढं शेवटी ठेवा, कारण त्या तीस वर्षांच्या पोकळीत ते शिरतं.

केदार७

कथा एकेक करून विकत घेण्यात पैसे कशाला घालवायचे? २०२२ ला 'मेमरीज लीजन' हा संग्रह आलाय, त्यात आठही कथा एकत्र आहेत, वर लेखकांची टिपणंही. मी नऊ कादंबऱ्या सलग वाचल्या आणि मग हा संग्रह. कादंबऱ्यांची लय तुटली नाही आणि शेवटी जुन्या माणसांना पुन्हा भेटल्याचा आनंद मिळाला. मला तरी काही अडलं नाही.

दर्यावर्दी

केदार, संग्रह घ्याच, माझ्याकडेही तोच आहे. फक्त एका दमात वाचू नका, कादंबऱ्यांच्या मध्ये उघडत राहा. टिपणं मात्र सगळं झाल्यावर वाचा, लेखक तिथे मोकळेपणाने बोलतात.

सलग वाचण्याला माझी हरकत दोन कथांपुरती आहे. 'द चर्न' आणि 'स्ट्रेंज डॉग्स'. आठव्या कादंबरीत कारा आणि तिचा भाऊ येतात तेव्हा ही मुलं कोण, हे माहीत नसेल तर ती प्रकरणं नुसती गूढ वाटतात. माहीत असेल तर ती वाचवत नाहीत इतका त्रास होतो. मला तो त्रास व्हायला हवा असं वाटतं, लेखकांनी तो त्यासाठीच लिहिलाय.

शाल्मली

छान चर्चा! मुक्ता, वाचनाचा वेग कमी असेल तर ऑडिओबुकचा विचार कर. जेफरसन मेज यांचं वाचन अप्रतिम आहे. 'सिबोला बर्न' आधी दुसऱ्या निवेदकाच्या आवाजात आलं होतं, नंतर मेज यांनी पुन्हा केलं. घेताना नाव बघून घे.

आणि अवासरलासाठी आली असशील तर आधीच सांगते, पहिल्या पुस्तकात ती नाहीच! मालिकेत पहिल्या भागापासून आहे, पण पुस्तकात दुसऱ्यापासून येते. पुस्तकातलं तिचं ऑफिस न्यू यॉर्कला नाही, हेगला आहे. साड्या मात्र तशाच आणि तोंडही तसंच सुटलेलं. नवरा अर्जुनबरोबरचे तिचे प्रसंग पुस्तकात जास्त मायेचे आहेत. दिवसभर राजकारण करून ती घरी येते आणि तो तिला कवितेबद्दल सांगतो. मला ते फार आवडतात.

अ‍ॅलेक्सचं मूळही पुस्तकात नीट उलगडतं. मंगळावरच्या मरिनर व्हॅलीत भारतीय, चिनी आणि टेक्सासची माणसं वसली, म्हणून कमल आडनावाचा हा माणूस टेक्सासच्या हेलात बोलतो.

मुक्ता_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्यापासूनच सुरू करते, ठरलं. संग्रहही घेते. एकच शंका. चौथा सीझन मला सगळ्यात संथ वाटला होता. 'सिबोला बर्न' गाळून पाचव्यावर गेले तर चालेल का? बऱ्याच ठिकाणी लोक म्हणतात की तो भाग बाजूला पडल्यासारखा आहे.

दर्यावर्दी

नाही गाळायचा. हे मी जरा लांबवून लिहितो, कारण या पुस्तकावर अन्याय होतो असं मला खरंच वाटतं.

पहिलं कारण व्यवहाराचं. एल्व्ही ओकोये ही शास्त्रज्ञ याच पुस्तकात येते आणि आठव्या-नवव्यात तिच्या खांद्यावर गोष्टीचा मोठा भार आहे. ग्रहावर उतरलेली, थोडी भाबडी, प्रत्येक किड्याकडे कुतूहलाने बघणारी एल्व्ही माहीत नसेल तर पुढची एल्व्ही अर्धीच कळेल. हॅवलॉकही इथे परत भेटतो, तोच तो डिटेक्टिव्ह मिलरचा पहिल्या पुस्तकातला जोडीदार.

दुसरं कारण वरच्या जहाजांचं. मालिकेत तुम्हाला मुख्यतः खालचा ग्रह आठवत असेल. पुस्तकात कक्षेतली तीन जहाजं तेवढीच महत्त्वाची आहेत: रोसिनांते, एडवर्ड इस्रायल आणि बार्बापिकोला. अचानक तिघांचेही रिअ‍ॅक्टर बंद पडतात. बिघाड नाही, काही तुटलेलं नाही, फ्यूजनच होत नाही. उरली फक्त बॅटरी. आणि कक्षा हळूहळू खाली येतेय.

ब्लॅकआउट म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. जनरेटर ट्रिप झाला की आधी दिवे जात नाहीत असं वाटतं, आधी आवाज जातो. इंजिन रूममध्ये महिनोन् महिने जो आवाज कानात भरलेला असतो तो एकदम थांबतो. आमच्याकडे नियम आहे, ४५ सेकंदांच्या आत इमर्जन्सी जनरेटरने भार घेतला पाहिजे. तेवढे सेकंद सगळे एकमेकांकडे न बघता आपापल्या जागी धावतात. आता कल्पना करा की इमर्जन्सी जनरेटर लागणारच नाही, आणि खाली समुद्र नाही, वातावरण आहे. त्या स्थितीत हे लोक बॅटरीचा हिशोब करतात, कुठलं यंत्र बंद करायचं ते ठरवतात, दोन जहाजांमध्ये दोर बांधून एकाने दुसऱ्याला वर धरून ठेवायचं ठरवतात. बाशिया हा वेल्डिंग करणारा माणूस सूट चढवून बाहेर जातो, आणि त्याची मुलगी त्या दुसऱ्या जहाजात आहे. ही प्रकरणं मी वॉचला जायच्या आधी वाचायला घेतली आणि तशीच अर्धी टाकून खाली जावं लागलं. त्या रात्री प्रत्येक गेजकडे जरा जास्तच लक्ष होतं.

संथ वाटलं तर एल्व्हीची सुरुवातीची प्रकरणं शाल्मली म्हणतात तशी ऐकून काढा आणि रिअ‍ॅक्टर बंद पडले की पुस्तक हातात घ्या. 'द चर्न' ही कथा 'सिबोला बर्न'च्या लगेच आधी किंवा लगेच नंतर, कुठेही चालेल, फक्त पाचवं उघडण्याआधी संपवा.

मी पुढच्या आठवड्यात साइन ऑन करतोय, म्हणजे जहाजावर रुजू होतोय, त्यामुळे उत्तराला उशीर होईल. अधेमधे नेट मिळालं की धागा बघेन. 'कॅलिबन्स वॉर' झालं की त्यातल्या प्रॅक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाबद्दल काय वाटलं ते इथे लिहा, मला जाणून घ्यायचंय.