उद्यानाची सुधारणा : जे सभेला येत नाहीत, त्यांचे म्हणणे कसे कळावे?

निंबोणी (प्रश्न)
आमच्या वस्तीतल्या उद्यानाच्या सुधारणेसाठी निधी मंजूर झाला असून, आराखडा ठरण्याआधी रहिवाशांची मते गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्या सभेला जेमतेम तीस जण आले. त्यांत बहुतेक सकाळी फेऱ्या मारणारे ज्येष्ठ पुरुष होते, आणि मधल्या मातीच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवून कडेने बाके वाढवावीत, अशी मागणी त्यांनी जवळजवळ एकमुखाने केली. त्याच मैदानावर संध्याकाळी मुले खेळतात, परंतु त्यांच्या वतीने बोलणारे तिथे कोणीच नव्हते. आता घरोघरी प्रश्नावली वाटावी असा विचार आहे. प्रश्न कसे असावेत, आणि बहुमताचा कौल बंधनकारक मानावा का?

रेखांकन
प्रश्नावली छापण्याआधी आठवडाभर नुसते पाहावे, असे मी सुचवेन. उद्यानाचा साधा नकाशा कागदावर काढून, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी, सकाळ-दुपार-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे थांबून, कोण कुठे बसले आहे, कोण उभे आहे आणि कोण नुसते ओलांडून जात आहे, याच्या खुणा कराव्यात. शहरी जीवनाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील इमारतींपुढच्या मोकळ्या चौकांचे चित्रीकरण करून अशीच मोजणी केली होती. माणसे तिथेच बसतात जिथे बसायला जागा असते, हा त्यांचा निष्कर्ष हसू येईल इतका साधा वाटतो. पण तो पुराव्यानिशी समोर आल्यामुळेच तिथले बांधकामाचे नियम बदलले. गवतातून पडलेल्या पायवाटाही नकाशावर घ्या, कारण आखलेला रस्ता कुठे चुकला हे त्याच सांगतात.

प्रश्नांबाबत एकच सूचना : ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर म्हणजे वस्तूंची यादी असते. ‘शेवटचे कधी आलात, किती वेळ थांबलात, आणि का निघालात?’ असे विचारा.

वाटाड्या
वरच्या प्रतिसादात एक उणीव राहते. जे उद्यानात येतच नाहीत, ते मोजणीत कसे दिसणार? व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात असे आढळले की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुलींचे उद्यानात येणे एकदम कमी होते. मोकळे मैदान एकच असले की मोठी मुले ते व्यापतात आणि मुली जागेसाठी भांडण्यापेक्षा घरी राहणे पसंत करतात. त्यानंतर तिथल्या दोन उद्यानांची जी फेररचना झाली, तिच्यात मोठ्या मैदानाचे लहान भाग पाडले, वेगवेगळ्या खेळांना जागा दिली आणि पायवाटा सुधारल्या. म्हणून मुलींशी, तान्ह्या बाळांच्या आयांशी आणि चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्यांशी, त्यांना सोयीच्या वेळी आणि ठिकाणी, वेगळे बोलावे लागेल. सभेचे आमंत्रण फळ्यावर लावले म्हणजे सर्वांना विचारले, असे होत नाही.

तिरका बाण
बहुमताबद्दल माझे मत जरा रोखठोक आहे. काही बाबी मताला टाकूच नयेत. उताराचा रस्ता १ : १२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार हवा. घसरगुंडीखाली पडले तरी इजा होणार नाही असा मऊ थर हवा. चाकाच्या खुर्चीला वळण्यासाठी सुमारे दीड मीटर जागा हवी. हे सुरक्षिततेचे आणि हक्काचे प्रश्न आहेत; बहुसंख्यांना नको म्हणून ते गाळता येत नाहीत. पेव्हर ब्लॉकचा आग्रह मात्र मोडीत काढण्याआधी त्यामागचे कारण शोधा. पावसात चिखल होतो, एवढीच तक्रार असेल, तर पाण्याचा निचरा आणि कडेची पक्की पायवाट एवढ्यानेही ती भागेल, मैदान मैदानच राहील आणि पाणी जमिनीत मुरेल.

दुसरे असे की, काय ठरून गेले आहे आणि काय अजून खुले आहे, हे पहिल्याच पानावर लिहा. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात ‘सल्ला घेणे’ ही पायरी खालून चौथी आहे आणि निर्णयात वाटा नसेल तर तिला त्या दिखाऊ सहभागातच गणतात. आधीच ठरलेल्या गोष्टीवर मते मागवली, तर पुढच्या वेळी हे तीस जणही येणार नाहीत.

निंबोणी
चिखलाबद्दल विचारले आणि खरोखरच तेच कारण निघाले, शिवाय एका आजोबांना मातीत काठी रुतण्याची भीती वाटत होती. नकाशा घेऊन उद्यापासून बसते. एक शंका उरते : झाडांना पाणी, बाकांची डागडुजी आणि साफसफाई यांचा वर्षाचा खर्च प्रश्नावलीत मांडावा का? की त्यामुळे लोक आधीच बिचकतील?

तिरका बाण
जरूर मांडा. प्रत्येक पर्यायापुढे तो उभारण्याचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च शेजारी-शेजारी लिहा. कारंज्याला हात वर करणारे बरेच जण ती दुसरी रक्कम पाहून हात खाली घेतात, असे मी पाहिले आहे.