तारेवरचे सेन्सर म्हणजे नवं कुरण? हे घ्या उत्तर

माळावरचा: कालच्या धाग्यात एका महाशयांनी ठोकून दिलं, "विजेच्या तारेचं तापमान मोजणारे सेन्सर म्हणजे ठेकेदारांना नवं कुरण. तार तीच, मोजून वीज वाहून नेण्याची क्षमता काय वाढणार?" वाढते, साहेब! कागदावरची क्षमता धरतात ती हवा ४५ अंश, वारा नावापुरता आणि तार ७५ अंशांपर्यंत तापणार, या हिशेबाने; तार तापली की लांबते आणि तिला झोळ पडतो, म्हणून ही मर्यादा. आषाढात साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर उभे राहून दाखवा. पवनचक्क्या जोरात फिरवणारा वाराच तारही गार करतो. तरी कागदी आकड्यापायी चक्क्या थांबवायच्या?

निवृत्त_सबस्टेशन: पठारावर वारा आहे हो. तीच लाइन पुढे घळीत उतरते, तिथे पान हलत नाही. क्षमता ठरते सगळ्यात तापलेल्या स्पॅनवर, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या तारेवर. वारा तारेच्या दिशेनेच वाहिला तर फारसा गारवाही मिळत नाही. आणि मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४७ वर गेला की तुमचा सेन्सर क्षमता कमीच दाखवणार. मग बोंब कोण मारणार?

माळावरचा: दाखवू दे की! आधी कळलेलं बरं. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत ओहायोत तारा झोळ पडून झाडांना टेकल्या आणि पाच कोटी लोक अंधारात गेले.

निवृत्त_सबस्टेशन: अर्धवट वाचून येऊ नका. तिथल्या पहिल्या लाइनी ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, तेव्हा भार क्षमतेच्या आतच होता. झाडं छाटली नव्हती. कोयता हवा होता, सेन्सर नव्हे.

ऊसवाला: झोळाचं निघालंच आहे तर ऐका. आमच्या फडावरून अकरा केव्हीची लाइन गेलीय. मधल्या तारेला मीच बांबूचा टेकू दिलाय. गेल्या साली वाऱ्यात दोन तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली, तोडीला आलेला ऊस पेटला. कारखान्याने जळीत म्हणून वर कपात केली. पंचनाम्यात काय लिहिलं? "कारण अज्ञात."

माळावरचा: दादा, वाईट झालं. पण ते डिस्ट्रिब्युशन, गावात वीज वाटणाऱ्या लाइनी. इथे दूरवर वीज नेणाऱ्या २२० आणि ४०० केव्हीच्या लाइनींचं चाललंय.

ऊसवाला: जळताना ऊस केव्ही विचारत नाही.

कोल्हापुरी_ताई: बांबू काढा आधी! पावसात ओला झाला की करंट उतरेल. आमच्याकडे म्हैस गेली अशीच.

ऊसवाला: काढला की तार डोक्याला लागते, ताई. वायरमन म्हणतो ताण द्यायला माणसं नाहीत.

निवृत्त_सबस्टेशन: ऐकलंत, माळावरचे? इथे तार ओढायला माणूस नाही. बसवा तुमचे सेन्सर पठारावर, माझी ना नाही. पण घळीतल्या स्पॅनवर पहिला, आणि छाटणीचा खर्च त्याच टेंडरात घाला.

माळावरचा: म्हणजे कुरण नाही, एवढं तरी कबूल?

निवृत्त_सबस्टेशन: टेंडर बघून सांगतो.