शी-हल्कचा डेक: जीव कमी ठेवूनही खेळात टिकून राहणे कसे जमवावे?

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार. मी आणि माझा आतेभाऊ कोल्हापुरात रविवारी संध्याकाळी ‘मार्व्हल चॅम्पियन्स’ हा सहकारी पत्त्यांचा खेळ खेळतो. फँटसी फ्लाइट गेम्सने 2019 मध्ये काढलेला मूळ संच तेवढा आमच्याकडे आहे, त्यामुळे कृपया त्यातल्याच पत्त्यांच्या मर्यादेत सल्ला द्यावा. तो स्पायडर-मॅन ‘जस्टिस’ (डेकसाठी निवडायच्या पैलूंपैकी एक) घेऊन खेळतो आणि थ्रेट (खलनायकाचा कट किती पुढे गेला ते मोजणारे गुण) आवरण्याचे बहुतेक काम त्याच्याकडेच असते. मी शी-हल्क ‘अ‍ॅग्रेशन’ घेऊन खेळतो.

माझा सगळा डेक ‘गामा स्लॅम’भोवती बांधलेला आहे. ज्यांनी ही हिरो खेळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: या पत्त्याचा खर्च 4 आहे आणि शी-हल्कने आतापर्यंत जेवढे नुकसान सोसलेले असेल तेवढेच नुकसान तो शत्रूला करतो, कमाल 15 पर्यंत. तिचे हिट पॉइंट मुळात 15 असल्यामुळे प्रत्यक्षात 14 च्या पुढे जाता येत नाही, कारण पंधराव्या नुकसानाला ती खेळातून बाद होते. म्हणून मी हल्ले न अडवता अंगावर घेतो आणि नुकसान 12 च्या आसपास गेले की ‘गामा स्लॅम’ मारायचा बेत करतो. अडचण अशी की त्या वेळी एकतर किंमत म्हणून टाकावे लागतात तेवढे पत्ते हातात नसतात, किंवा राइनो या खलनायकाच्या पुढच्याच हल्ल्यात मी बाद होतो आणि दोघांच्या हिशेबाने मांडलेला राइनो एकट्या आतेभावाच्या गळ्यात पडतो.

डेक 40 पत्त्यांचा आहे. त्यात ‘अपरकट’ आणि ‘रिलेंटलेस असॉल्ट’ प्रत्येकी तीन, ‘कॉम्बॅट ट्रेनिंग’, टिग्रा, हल्क आणि ‘द पॉवर ऑफ अ‍ॅग्रेशन’चे दोन्ही पत्ते आहेत. जीव नेमका किती खाली जाऊ द्यावा आणि त्यासाठी कोणते पत्ते काढून कोणते घालावेत?

शाहूपुरीकर

12 चा आकडा तुम्ही कोठून काढलात हे मला समजले नाही, पण माझ्या मते मूळ दुखणे तेच आहे. ‘अपरकट’ 3 खर्चात 5 नुकसान करतो, म्हणजे तो पत्ता धरून हातातले चार पत्ते गेले आणि पाच नुकसान झाले. ‘गामा स्लॅम’ला स्वतःसकट पाच पत्ते लागतात. त्याच दराने पाहिले तर सोसलेले नुकसान 7 झाले की ‘गामा स्लॅम’ ‘अपरकट’पेक्षा किफायतशीर ठरतो. 9 किंवा 10 वर तो उत्तम असतो. 10 वरून 12 वर जाण्यासाठी तुम्ही दोन नुकसानाच्या लाभापायी संपूर्ण हिरो पणाला लावता, आणि हा व्यवहार मला पटत नाही.

आता उलट बाजूने पाहा. सामान्य पातळीच्या खेळात राइनोच्या दुसऱ्या टप्प्याचा हल्ला 3 चा असतो आणि त्यावर बूस्टच्या (हल्ल्याचा जोर वाढवणाऱ्या) पत्त्याची चिन्हे चढतात, ती तीनपर्यंत जाऊ शकतात. शिवाय त्याच फेरीत खलनायकाच्या बाजूचे ‘असॉल्ट’ किंवा ‘गँग-अप’ हे पत्ते निघाले तर तो पुन्हा हल्ला करतो. 10 नुकसान झालेल्या शी-हल्ककडे 5 जीव उरलेला असतो. हल्ला अडवला तर तिच्या 2 बचावामुळे एक वाईट फेरी बहुधा निभावते. 12 वर मात्र अडवूनही एखादा पत्ता विरुद्ध गेला की संपले.

किंमत भरण्याचा प्रश्न हा शुद्ध हिशेबाचा आहे. हिरो रूपात तुमचा हात चार पत्त्यांचा असतो. त्यातला एक ‘गामा स्लॅम’ धरला तर उरलेले तीन पत्ते टाकून तीनच रिसोर्स (किंमत भरण्याचे एकक) मिळतात, आणि चौथा कोठून तरी आणावा लागतो. येथे तुमचे ‘द पॉवर ऑफ अ‍ॅग्रेशन’ काहीच कामाचे नाही, कारण ते फक्त अ‍ॅग्रेशनच्या पत्त्याची किंमत भरताना दुप्पट होते आणि ‘गामा स्लॅम’ हा शी-हल्कचा स्वतःचा पत्ता आहे. ते दोन्ही काढा आणि ‘एनर्जी’, ‘जीनियस’, ‘स्ट्रेंथ’ हे तिन्ही पत्ते घाला. ते कोणत्याही पत्त्यासाठी दोन रिसोर्स देतात. ‘हेलिकॅरियर’ही घाला, कारण त्याने ‘गामा स्लॅम’चा खर्च 3 वर येतो आणि चार पत्त्यांच्या हातातूनच तो निघतो. ‘फोकस्ड रेज’ तर शी-हल्कच्या स्वतःच्या पंधरा पत्त्यांत आहेच: दर फेरीला 1 नुकसान सोसून 1 पत्ता मिळतो, म्हणजे हातही वाढतो आणि ‘गामा स्लॅम’ही तापतो. तो लवकर मांडण्यासाठी सुरुवातीचा हात बदलायला मी मागेपुढे पाहत नाही.

पण डेकमधल्या कोणत्याही पत्त्यापेक्षा मोठी गोष्ट जेनिफर वॉल्टर्सच्या, म्हणजे शी-हल्कच्या साध्या माणसाच्या, रूपाची आहे. बरेच खेळाडू जीव भरून काढायचा असेल तेव्हाच जेनिफर होतात. तसे करण्याची सक्ती नाही. 9 नुकसान झाले असेल तर आधी शी-हल्कने साधा हल्ला करून घ्या आणि मग वळीच्या शेवटी जेनिफर व्हा. खलनायक तुमच्यावर हल्ला न करता कट पुढे सरकवतो, त्यातला 1 थ्रेट जेनिफरची ‘आय ऑब्जेक्ट!’ ही क्षमता अडवते, ‘असॉल्ट’ आणि ‘गँग-अप’ निघाले तरी ते तुमच्या अंगावर येत नाहीत (त्यांच्या जागी आणखी एक पत्ता उलटावा लागतो, तेवढी झळ बसते), आणि हात सहा पत्त्यांचा होतो. पुढच्या वळीला शी-हल्क होताच 2 नुकसान, साध्या हल्ल्याचे 3 आणि ‘गामा स्लॅम’चे 9, असे एका वळीत 14 होतात. दोघांच्या खेळात राइनोच्या दुसऱ्या टप्प्याचे हिट पॉइंट 30 असतात, म्हणजे जवळजवळ निम्मा राइनो गेला. खासबागेत कुस्ती पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको की खाली गेलेला मल्ल हरलेला नसतो. पाठ टेकली तरच तो हरतो.

पंचगंगा_घाट

शाहूपुरीकर दादांचे जेनिफरविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, परंतु त्यांनी ‘अ‍ॅग्रेशन’ गृहीत धरले, तेथे मी थांबेन. मोठा घाव घालण्याची सोय शी-हल्ककडे जन्मजात आहे. तिला नुकसानाचा वेग स्वतःच्या हातात ठेवणारे पत्ते कमी पडतात, आणि ते ‘प्रोटेक्शन’ या पैलूमध्ये आहेत.

साधा हल्ला केलेली हिरो थकते आणि वळीच्या शेवटी पुन्हा ताजी होते. खलनायकाचा हल्ला अडवला तर ती थकलेली राहते आणि पुढच्या वळीत साधा हल्ला करता येत नाही. इतर हिरोंना ही किंमत जड जाते. ‘गामा स्लॅम’ मात्र थकलेल्या हिरोलाही मारता येतो, म्हणून ज्या वळीत तो मारायचा आहे त्याच्या आधीच्या फेरीत अडवून शी-हल्क फारसे काही गमावत नाही. त्यात ‘काउंटर-पंच’चा खर्च शून्य आहे, आणि अडवल्यानंतर तो तिच्या हल्ल्याइतके, म्हणजे 3 नुकसान परत करतो. समोर ‘सुपरह्यूमन स्ट्रेंथ’ मांडलेले असेल तर तेच 5 होते आणि खलनायक ‘स्टन’ होऊन त्याचा पुढचा हल्ला वाया जातो. ‘इनडॉमिटेबल’ने अडवल्यानंतर ती पुन्हा ताजी होते. ल्यूक केज आणि ‘आर्मर्ड व्हेस्ट’ही उपयोगी आहेत. ‘मेड टीम’ मात्र मी घालणार नाही. जे नुकसान आपण जपतो आहोत तेच भरून काढायला 3 रिसोर्स खर्च करणे विसंगत वाटते.

अ‍ॅग्रेशनच ठेवायचे असेल तर निदान तीनपैकी दोन ‘रिलेंटलेस असॉल्ट’ काढा. तो पत्ता मिनियनवरच (खलनायकाच्या हस्तकांवरच) चालतो, आणि राइनोच्या खेळात मिनियन नेहमीच समोर असतात असे नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली

दोघांचेही मनापासून आभार. ताई, प्रोटेक्शनचा डेक पुढच्या रविवारी नक्की बांधून पाहतो. दोन शंका राहतात. पहिली ‘स्प्लिट पर्सनॅलिटी’ची: रूप वळीत एकदाच बदलता येत असताना 3 खर्चाचा हा पत्ता केव्हा खेळावा? दुसरी, मी जेनिफर झालो की थ्रेट वाढतो आणि आतेभाऊ तक्रार करतो, त्याचे काय करावे?

शाहूपुरीकर

त्या पत्त्याने केलेला बदल वळीच्या एका बदलात मोजला जात नाही, आणि रूप बदलल्यावर नव्या रूपाच्या हाताइतके पत्ते ओढता येतात. म्हणून तो जेनिफर असताना वापरू नका. तेव्हा फक्त चार पत्त्यांपर्यंतच हात भरेल. शी-हल्क असताना आधी साधा हल्ला करा, मग हातातले उरलेले पत्ते खर्चून ‘स्प्लिट पर्सनॅलिटी’ खेळा, जेनिफर होऊन सहा पत्ते घ्या, आणि नेहमीचा बदल वापरून लगेच परत शी-हल्क व्हा. 2 नुकसान पुन्हा मिळते आणि सहा पत्ते हातात असतात. ‘गामा स्लॅम’ आधीच हातात असेल तर ‘जीनियस’सारखा दुहेरी पत्ता आणि आणखी एक पत्ता एवढ्यातच किंमत भरून तो वाचवता येतो. ज्या फेरीत खलनायक संपवायचा आहे त्या फेरीसाठीच हा पत्ता राखा.

पंचगंगा_घाट

थ्रेटबद्दल: जेनिफर असताना ‘लीगल प्रॅक्टिस’ विसरू नये. हातातले पाचपर्यंत पत्ते टाकून तेवढाच थ्रेट कमी होतो, आणि वळीच्या शेवटी हात पुन्हा सहाचा भरतो. म्हणून जेनिफर व्हायचे ठरले असेल त्या वळीत नको असलेले पत्ते असेच खर्ची घालावेत. ‘सुपरह्यूमन लॉ डिव्हिजन’ 1 खर्चात मांडता येते आणि मेंटल रिसोर्स भरून दर फेरीला 2 थ्रेट काढते. तुमच्याशी भिडलेला मिनियन असेल तर मात्र रूप बदलण्यापूर्वी तो संपवा, कारण तुम्ही जेनिफर असताना तोही कटात भर घालतो. यासाठी ‘ग्राउंड स्टॉम्प’ आणि टिग्रा पुरतात.

आणि आतेभावाला आधी कल्पना द्या. पुढच्या फेरीत तुम्ही जेनिफर होणार आहात हे त्यांना एक वळी आधी कळले, तर ते ‘फॉर जस्टिस!’ हातात धरून ठेवतील. ‘राइनो’च्या मुख्य कटाची मर्यादा दोघांच्या खेळात 14 आहे, त्यावरचा थ्रेट 8 च्या खाली असेल तरच मी शी-हल्कला जेनिफर होऊ देते.