वरची जमीन एकाला आणि खालचे खनिज हक्क दुसऱ्यांना, असे मृत्युपत्रात लिहावे का?

प्रश्न
माझ्या सासऱ्यांची ओक्लाहोमात १६० एकर शेतजमीन आहे. तिच्याखालच्या तेल-वायूचे निम्मे हक्क आधीच्या मालकाने विक्रीच्या वेळीच स्वतःकडे राखून ठेवले होते. उरलेल्या निम्म्यांची रॉयल्टी, म्हणजे तेल कंपनी उत्पन्नातून देते तो वाटा, सासऱ्यांना मिळते. ते आता ८१ वर्षांचे आहेत. धाकटे दीर जमीन कसतात. आम्ही आणि नणंद टेक्सासात राहतो. जमीन दिरांना आणि खनिज हक्क आम्हा दोन कुटुंबांना, अशी वाटणी त्यांच्या मनात आहे. ती योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
आधी काउंटी क्लार्कच्या (जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून मूळ खरेदीखताची प्रत काढा. मृत्युपत्रात नुसते ‘जमीन’ लिहिले, तर हाती असलेले खनिज हक्कही साधारणपणे तिच्याबरोबरच जातात, म्हणून दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख हवा. मला मात्र ही वाटणीच खटकते. खनिज हक्क ज्याच्याकडे, त्याला तेल काढण्यापुरती वरची जमीन वापरण्याचा अधिकार असतो. उद्या नवी विहीर खोदली गेली, तर यंत्रांचा रस्ता दिरांच्या उभ्या पिकातून जाईल आणि रॉयल्टी तुमच्या घरी येईल. नुकसानभरपाईसाठी तिथे १९८२ चा राज्य कायदा आहे, पण दिरांना खनिजातही वाटा असावा, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २
वाटा जरूर द्या, पण हक्क तिघांच्या नावे सुटे करू नका. माझ्या पत्नीच्या माहेरी चार पिढ्या तसेच होत गेले. तिचा वाटा आता १/९६ आहे. एक-अष्टमांश रॉयल्टीने गुणल्यावर कंपनीच्या कागदावर ०.००१३०२०८ असा आकडा येतो. तिचा एक चुलतभाऊ परराज्यात वारला, ओक्लाहोमात वेगळे प्रोबेट (मृताची मालमत्ता वारसांच्या नावे करण्याची न्यायालयीन प्रक्रिया) करण्याचा खर्च वाट्याहून जास्त निघाला, म्हणून ते कोणी केलेच नाही आणि त्याची रक्कम कंपनीकडे अडकून पडली आहे. सासऱ्यांच्या हयातीतच सर्व हक्क एका ट्रस्टच्या, म्हणजे विश्वस्ताने कुटुंबासाठी सांभाळायच्या न्यासाच्या, नावे करून ते डीड (हस्तांतराचा दस्त) नोंदवले, तर तेल कंपनीला द्यायच्या भाडेपट्ट्यावर एका विश्वस्ताची सही पुरेल आणि वाटणी फक्त पैशाची होईल.

प्रतिसाद ३
तो ट्रस्ट रद्द करता येणारा असावा. हयातीत थेट बक्षीस दिले, तर देणाऱ्याची जुनी खरेदी किंमत घेणाऱ्याला चिकटते आणि पुढे विकताना भांडवली नफ्यावरचा कर वाढतो. वारशाने आले, तर मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरला जातो, आणि अशा ट्रस्टमध्ये हा लाभ टिकतो.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. खरेदीखताची प्रत मागवली आहे. दिरांना खनिजात तिसरा वाटा देण्यास सासरे तयार झाले आहेत. विश्वस्त कोणी व्हायचे, एवढे ठरायचे आहे.