स्पॅनिश ‘एचार’ इंग्रजीत कसं उतरवायचं? बियाण्याच्या पत्रव्यवहारातला प्रश्न

जालन्याचा_मिरचीवाला:

नमस्कार मंडळी. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या निर्यात विभागात काम करतो. मिरचीचे नमुने आम्ही मेक्सिकोत आणि स्पेनमध्ये अल्मेरियाला पाठवतो. तिकडचे शेतकरी आणि वितरक व्हॉट्सअ‍ॅपवर स्पॅनिशमध्ये कळवतात, मी ते इंग्रजीत करून साहेबांकडं आणि ब्रीडरकडं (नवे वाण तयार करणाऱ्याकडं) देतो. स्पॅनिश मी ऑनलाइन क्लासमधून शिकलो, व्याकरण बऱ्यापैकी पक्कं आहे. पण एक क्रियापद जागोजागी आडवं येतंय. एचार. शब्दकोशात पहिला अर्थ फेकणे, टाकणे असा आहे. यंदाच्या मेसेजांत ते असं आलंय:

‘ले एचामोस अबोनो अ लोस किन्से दिआस.’
‘से नोस एचो अ पेर्देर ला मिताद देल आल्मासिगो.’
‘ला प्लान्ता या एचो फ्लोर.’
‘एचेन्ले उन ओखो अल लोते दोस.’
‘एल क्लिएन्ते से एचो पारा आत्रास.’
‘नो नोस एचेन ला कुल्पा.’

खत, रोपवाटिका, फूल, डोळा, मागं, दोष. मराठीत मला सगळ्यांचा अर्थ लागतो. इंग्रजीत मात्र दरवेळी वेगळं क्रियापद घ्यावं लागतं, आणि ते कशाच्या आधारावर निवडायचं हे कळत नाही. दुसरं वाक्य तर फारच नाजूक आहे, त्यावर भरपाईचा विषय चाललाय. कुणी नीट समजावून सांगेल का?

वेरूळची_गाईड:

भाऊ, आज मंगळवार, वेरूळ बंद असतं, म्हणून सवडीनं लिहिते. मी स्पॅनिश बोलणाऱ्या पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवते. हे क्रियापद माझ्या कानावर सतत पडतं. कैलास लेण्यासमोर उभं राहिलं की स्पेनचे लोक हातात मोबाईल देऊन म्हणतात, ‘नोस एचास उना फोतो?’ म्हणजे आमचा एक फोटो काढता का. मग मंदिराकडं बघत एकमेकांना विचारतात, ‘कुआन्तोस आन्योस ले एचास?’ म्हणजे तुझ्या अंदाजानं किती वर्षांचं असेल. (आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, हे मी त्यानंतर सांगते.) एके ठिकाणी काढणं, दुसऱ्या ठिकाणी अंदाज बांधणं, आणि टाकण्याचा दोन्हीकडं पत्ता नाही.

त्यामुळं माझं मत ठाम आहे. एचारचं भाषांतर करायला बसूच नका. त्याच्या शेजारी जे नाम बसलंय ते आधी इंग्रजीत करा, आणि त्या नामासोबत इंग्रज माणूस कोणतं क्रियापद वापरतो ते शोधा. फोटो असेल तर ‘टेक’. पत्र असेल तर ‘पोस्ट’. मदतीचा हात असेल तर ‘लेंड’, खत असेल तर ‘अप्लाय’. वाक्याचा सगळा अर्थ नामात असतो. म्हणून वहीत एचारचे अर्थ लिहू नका, जोड्या लिहा.

आपल्याला तर हे समजायला सोपं आहे. आपण पेटीत पत्र टाकतो, भाजीत मीठ टाकतो, गाडीत पेट्रोल टाकतो, कागदावर नजर टाकतो, जेवण झालं की जरा अंग टाकतो. या पाचही ठिकाणी स्पॅनिशमध्ये एचार चालतं, फक्त अंग टाकण्याला एचार्से. इंग्रजीत पाच ठिकाणी पाच क्रियापदं. पण टाकणे आणि एचार ही जोडगोळी सगळीकडं जमत नाही, हेही ध्यानात ठेवा. आपण पाऊल टाकतो, तिथं स्पॅनिश माणूस ‘दार उन पासो’ म्हणतो, पाऊल ‘देतो’. उलट बाजूनं, ‘एचार ला कुल्पा’ला आपण दोष देणं किंवा खापर फोडणं म्हणतो, दोष टाकणं सहसा म्हणत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडं येते, कारण पैसा तिथं अडलाय. ‘एचार अ पेर्देर’ म्हणजे नासवणं, बिघडवणं. त्याला ‘से’ लागलं की ते आपोआप नासणं होतं, दूध नासलं तसं. करणारा वाक्यातून गेला. आणि मधला ‘नोस’ म्हणजे आम्हाला, ज्यांना त्याची झळ बसली ते. मराठीत मी हे वाक्य असं म्हणेन: ‘आमची निम्मी रोपं हातची गेली.’ यात बियाणं वाईट होतं असं कुठं म्हटलेलं नाही आणि आम्ही हयगय केली असंही नाही. इंग्रजीत ‘वी स्पॉइल्ड हाफ द सीडलिंग्ज’ केलंत, तर शेतकऱ्यानं न दिलेली कबुली तुम्ही त्याच्या तोंडी घातलीत. ‘हाफ द सीडलिंग्ज वेअर स्पॉइल्ड’ केलंत, तर साहेब लगेच विचारतील, कुणी केली? ‘वी लॉस्ट हाफ द सीडलिंग्ज’ लिहा. नुकसान त्यांचं झालं एवढं त्यात येतं, दोष कुणावरच जात नाही, आणि मूळ वाक्य तेवढंच बोलतंय. रोपं कशानं गेली, पाण्यानं की बुरशीनं की उगवणच कमी झाली, हे शेतकऱ्याला वेगळं विचारून घ्या. त्याचं उत्तर भाषांतरात आपल्या मनानं भरू नका. लांब मेक्सिकोतला असला तरी त्याच्या हंगामाचा पैसा त्या एका ओळीवर ठरणार आहे.

आणखी एक जागा जपायची. ‘एचार अ’च्या पुढं दुसरं क्रियापद आलं की एरवी अर्थ होतो ‘एकदम करायला लागणे’. ‘एचो अ कोर्रेर’ म्हणजे पळत सुटला, इंग्रजीत ‘ब्रोक इन्टू अ रन’. ‘से एचो अ योरार’ म्हणजे रडायलाच लागली, ‘बर्स्ट इन्टू टिअर्स’. ‘एचार अ पेर्देर’ दिसायला अगदी असंच आहे, पण त्याचा अर्थ ‘हरायला लागणे’ असा होत नाही. तो वाक्प्रचार सबंधच पाठ करायचा.

डोळ्याचं तर बघाच. ‘एचार उन ओखो’ म्हणजे नजर टाकणं किंवा लक्ष ठेवणं. ‘एचार एल ओखो’ म्हणजे एखाद्या वस्तूवर डोळा असणं, ती आपल्याला मिळावी असं वाटणं. ‘एचार माल दे ओखो’ म्हणजे दृष्ट लावणं! तुमच्या वाक्यात ‘उन’ आहे, म्हणजे दोन नंबरचा लॉट जरा बघा. एकदाच बघायचं असेल तर ‘टेक अ लुक अ‍ॅट’, सारखं बघत राहायचं असेल तर ‘कीप अ‍ॅन आय ऑन’. कोणतं ते पुढच्या-मागच्या मेसेजवरनं ठरवा.

शेवटची दोन सोपी आहेत. गिऱ्हाईक मागं सरलं, ‘बॅक्ड आउट’. आणि शेवटच्याला साधं ‘प्लीज डोन्ट ब्लेम अस’. तिथं ‘होल्ड रिस्पॉन्सिबल’ लिहू नका, ती वकिली भाषा झाली. माणूस काकुळतीला येऊन बोलतोय.

परभणी_कृषी:

मला स्पॅनिश येत नाही, पण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकलोय आणि चाचणी प्लॉटचे इंग्रजी रिपोर्ट रोज लिहितो. ताईंनी सांगितलेली जोड्यांची गोष्ट आमच्या रिपोर्टलाही लागू आहे. खताला ‘अप्लाय’, पण लागवडीआधी जमिनीत मिसळलं असेल तर ‘इनकॉर्पोरेट’, उभ्या पिकाला वरून दिलं तर ‘टॉप-ड्रेस’. पाण्याला ‘इरिगेट’. बियाण्याला ‘सो’. औषधाला ‘स्प्रे’.

पहिल्या वाक्यात मला वेगळीच अडचण दिसते. पंधरा दिवसांनी म्हणजे कशापासून पंधरा दिवसांनी? मिरचीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण आधी रोपवाटिका आणि मग पुनर्लागवड. रिपोर्टमध्ये ‘पेरणीनंतर’ की ‘लागणीनंतर’ हे स्पष्ट नसेल तर ब्रीडर तो आकडा धरणारच नाही. तसंच फुलाचं. ‘फूल आलं’ यावरनं पहिली कळी उमलली की निम्म्या झाडांना फूल लागलं हे कळत नाही. आम्ही 50 टक्के झाडं फुलोऱ्यात यायला किती दिवस लागले ते नोंदवतो. तूर्त ‘द प्लांट्स हॅव स्टार्टेड फ्लावरिंग’ लिहा आणि टक्का विचारून घ्या.

वेरूळची_गाईड:

परभणीच्या दादांनी औषधाचा विषय काढला ते बरं झालं. लॅटिन अमेरिकेतले शेतकरी कीटकनाशकाला सरळ ‘वेनेनो’ म्हणतात, म्हणजे विष. ‘ले एचामोस वेनेनो’ असा मेसेज आला तर दचकू नका. आपण ज्याला औषध मारलं म्हणतो तेच ते. ‘वी स्प्रेय्ड पेस्टिसाइड’ (फवारलं) लिहा. ‘पॉइझन’ लिहिलंत तर साहेब घाबरतील.

जालन्याचा_मिरचीवाला:

ताई, दादा, मनापासून आभार. दुसरं वाक्य ‘वी लॉस्ट’ असंच लिहून आत्ता पाठवलं, आणि कारण विचारणारा मेसेजही शेतकऱ्याला गेला. लागणीची तारीखही विचारलीय.

आणखी दोन गोष्टी विचारतो. एक, काही मेसेजांत हेच क्रियापद आधी इंग्रजीतलं एच अक्षर लावून येतं, आणि मग शब्दकोशात सापडत नाही. तो वेगळा शब्द आहे का? दोन, अल्मेरियाच्या वितरकानं लिहिलंय, ‘ओस एचामोस दे मेनोस एन ला फेरिआ.’ याचं ‘वी मिस्ड यू’ करू का?

लातूरकर_प्राध्यापिका:

पहिल्याचं मी सांगते, मी स्पॅनिश शिकवते. वेगळा शब्द नाही, शुद्धलेखनाची चूक आहे, आणि ती स्पॅनिश मातृभाषा असलेली माणसंही भरपूर करतात. स्पॅनिशमध्ये एच अक्षराचा उच्चार होत नाही, म्हणून कानाला फरक कळत नाही. ‘केलेलं’ या अर्थाचा ‘एचो’ एच लावून लिहितात, तो ‘आसेर’ म्हणजे करणे या क्रियापदाचा. ‘मी टाकतो’ हा ‘एचो’ एच न लावता.

यामागं लॅटिन आहे आणि ते मुलांना सांगितलं की पुन्हा चुकत नाहीत. एचार आला लॅटिन ‘इआक्तारे’पासून, म्हणजे फेकणे. लॅटिनमधला ‘क्त’ स्पॅनिशमध्ये ‘च’ होतो. ‘नोक्तेम’चं ‘नोचे’, रात्र. ‘ओक्तो’चं ‘ओचो’, आठ. ‘लाक्तेम’चं ‘लेचे’, दूध. तसंच ‘इआक्तारे’चं एचार, त्यात एच यायला जागाच नाही. ‘केलेलं’वाला एचो मात्र ‘फाक्तुम’पासून आला. तिथं सुरुवातीच्या ‘फ’चा आधी ‘ह’ झाला आणि पुढं तो मुका झाला, म्हणून एच लिहितात. इंग्रजीतले इजेक्ट, रिजेक्ट, इंजेक्ट हे एचारच्याच घराण्यातले आहेत. पण भाषांतरात ते फारसे उपयोगी पडत नाहीत, इंग्रजीत ते पुस्तकी वाटतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर लोक स्वरावरची खूणही गाळतात. ‘एचो’च्या शेवटच्या स्वरावर खूण असेल तर ‘त्यानं टाकलं’, नसेल तर ‘मी टाकतो’. खूण गाळली की दोन्ही सारखे दिसतात, तेव्हा कर्ता वाक्यात शोधा. आणि ‘एचामोस’ तर वर्तमान आणि भूत दोन्हीला एकच. ‘ले एचामोस अबोनो’ म्हणजे खत टाकतो की टाकलं, हे आजूबाजूच्या तारखेवरनंच ठरतं.

तुमच्या कामात येणार नाही, पण एक वाक्प्रचार मला इतका आवडतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘एचार ला कासा पोर ला वेन्ताना’, घर खिडकीतून बाहेर टाकणं. म्हणजे खर्चाला हात न आखडणं. स्पेनमध्ये तिसऱ्या कार्लोस राजाच्या काळात 1763मध्ये सरकारी लॉटरी सुरू झाली, आणि बक्षीस लागलेले लोक घरातलं जुनं सामान खिडकीतून फेकून द्यायचे, तिथून तो आला असं सांगतात. आमच्याकडं ‘लग्नाचा बार उडवून दिला’ म्हणतात ना, तिथं हा नेमका बसतो. इंग्रजीत ‘स्पेअर्ड नो एक्स्पेन्स’.

वेरूळची_गाईड:

‘ओस’ म्हणजे तुम्हाला, त्यावरनंच कळतं की लिहिणारा स्पेनचा आहे, मेक्सिकोचा माणूस ‘लोस’ लिहितो. शिवाय मेक्सिकोत आठवण येण्याला बहुतेक ‘एक्स्त्रान्यार’ म्हणतात, एचार दे मेनोस तिथं कमी ऐकू येतं.

या वाक्प्रचारात टाकण्याचा संबंधच नाही. पोर्तुगीजमध्ये ‘आचार मेनोस’ होतं, म्हणजे कमी असल्याचं आढळणं. स्पॅनिशमध्ये येताना आचारचा एचार झाला असं अभ्यासक मानतात. आपण ‘तुमची उणीव भासली’ म्हणतो ना, अगदी तोच भाव. फेकण्यावरनं याचा अर्थ लावायला गेलात तर कधीच लागणार नाही.

‘वी मिस्ड यू अ‍ॅट द फेअर’ चुकीचं नाही, पण इंग्रजीत त्याचे दोन अर्थ निघतात. तुमची उणीव भासली हा एक, आणि तुम्ही आला होतात पण आपली गाठ पडली नाही हा दुसरा. तुमच्या कंपनीचं कुणी प्रदर्शनाला गेलंच नव्हतं का? तसं असेल तर ‘वी वेअर सॉरी नॉट टू सी यू अ‍ॅट द फेअर’ लिहा. म्हणजे साहेबांना कळेल की तिकडं आपली वाट बघत होते.

जालन्याचा_मिरचीवाला:

कुणीच गेलं नव्हतं, ताई. तसंच लिहितो.